चिंतेवरच्या गोळ्या : अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम यांत नेमका फरक काय?

कृष्णाकाठ (सांगली, औषधविक्री) :

गणपती पेठेपासून विश्रामबागपर्यंत कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य ऐकू येतं : "त्यातली हलकी द्या, ०.२५ वाली." आकडा लहान म्हणजे गोळी हलकी, हा समज इतका पक्का बसलाय की त्यावर एक सविस्तर धागा हवाच होता.

या गटातल्या, म्हणजे बेंझोडायझेपाइन (थोडक्यात बेंझो) गोळ्यांच्या मिलिग्रॅमची एकमेकांशी थेट तुलना होत नाही. ढोबळमानानं अल्प्राझोलाम ०.५ मिग्रॅ, क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ, लोराझेपाम १ मिग्रॅ, डायझेपाम १० मिग्रॅ आणि क्लोरडायझेपॉक्साइड २५ मिग्रॅ यांची ताकद साधारण सारखी धरतात. म्हणजे "फक्त ०.२५" घेणारा माणूस डायझेपामच्या ५ मिग्रॅच्या गोळीइतकं औषध घेतोय. त्याच माणसाच्या हातात ५ ची गोळी ठेवली की तो दचकतो, आणि ०.२५ ची मात्र दिवसातून तीनदा निर्धास्त घेतो.

काम सगळ्यांचं एकच. मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना शांत करतं, त्याच्या रिसेप्टरवर बसून या गोळ्या त्याचा परिणाम वाढवतात. चिंता कमी होते, झोप येते, स्नायू सैल पडतात, फिट थांबते. पहिली गोळी क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० साली लिब्रियम नावानं बाजारात आली. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञानं ती हॉफमन-ला रोश कंपनीत शोधली. डायझेपाम १९६३ मध्ये आलं. अल्प्राझोलामला अमेरिकेत मंजुरी मिळाली १९८१ मध्ये, आणि आज आपल्याकडे चिठ्ठ्यांवर सगळ्यात जास्त दिसणाऱ्या नावांत ते आहे.

म्हणून "हलकी कुठली" यापेक्षा दोन प्रश्न विचारावेत : चढायला किती वेळ लागतो, आणि उतरते कशी? माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. इथल्या डॉक्टरमंडळींनी भर घालावी.

डॉ_पोवईनाका (सातारा, मानसोपचार) :

उतरते कशी, यावरच सगळं अवलंबून आहे. चारही गोळ्या एकेक करून घेऊ.

अल्प्राझोलाम. अर्धा-पाऊण तासात जाणवायला लागतं, रक्तातली पातळी १ ते २ तासांत शिगेला जाते. अर्धायुष्य सरासरी ११ तास, म्हणजे तेवढ्या वेळात निम्मं औषध शरीराबाहेर. परिणाम मात्र त्याच्याही आधी ओसरतो. लवकर आराम आणि लवकर ओसरणं, या जोडीमुळेच हिची सवय पटकन लागते. रात्री दहाला ०.५ घेतलेल्या माणसाला पहाटे चार-पाचला छातीत धडधड होऊन जाग येते. त्याला वाटतं आजार वाढला. बरेचदा ती दोन डोसांच्या मधली रिकामी जागा असते. डोस वाढवला की चार दिवस बरं वाटतं आणि गाडी पुन्हा तिथेच येते. लांब परिणामाची, म्हणजे एसआर किंवा एक्सआर लिहिलेली गोळी मिळते, पण ती फोडायची, चावायची, कुटायची नाही. फोडली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

क्लोनाझेपाम. चढायला संथ, पातळी शिगेला जायला १ ते ४ तास. अर्धायुष्य साधारण ३० ते ४० तास. दिवसातून एकदा-दोनदा पुरते आणि मधली रिकामी जागा फारशी जाणवत नाही. पॅनिक डिसऑर्डर आणि फिट, दोन्हींसाठी मान्यता आहे. सुरुवात ०.२५ मिग्रॅ दोन वेळा अशी करतात, पॅनिकमध्ये बहुतेकांना दिवसाला १ मिग्रॅ पुरतं. तोटा असा की ती साठत जाते. रोज तेवढाच डोस घेतला तरी पातळी स्थिरावायला आठवडाभर लागतो, म्हणून तिसऱ्या दिवशी ठीक असलेला माणूस दहाव्या दिवशी झापडलेला दिसतो. काहींना चिडचिड आणि उदासी येते. ती औषधाची आहे हे लक्षात आलं नाही तर नैराश्याची आणखी एक गोळी चिठ्ठीवर चढते.

लोराझेपाम. अर्धायुष्य १२ तासांच्या आसपास. यकृतातल्या, औषधं मोडणाऱ्या सायटोक्रोम एन्झाइमांच्या भानगडीत ती पडत नाही. तिला थेट ग्लुकुरोनाइड हा पाण्यात विरघळणारा रेणू जोडला जातो आणि लघवीवाटे निघून जाते, मागे सक्रिय अवशेष राहत नाही. यकृत खराब झालेल्या माणसाला या गटातली गोळी द्यायचीच असेल तर म्हणूनच ही निवडतात. दारू सोडवताना, कावीळ-सिऱ्होसिस असेल तर क्लोरडायझेपॉक्साइडऐवजी लोराझेपाम, तेही याच कारणासाठी. दोष म्हणजे स्मरणावर परिणाम. गोळी घेतल्यानंतरच्या तास-दोन तासांतलं बोलणं नंतर आठवत नाही, असं होऊ शकतं.

डायझेपाम. चरबीत विरघळणारी, म्हणून मेंदूत लवकर पोचते आणि तासाभरात शिगेला जाते. स्वतःचं अर्धायुष्य २० ते ५० तास, आणि तिच्यापासून तयार होणारं डेसमिथाइलडायझेपाम १०० तासांच्या घरातही रेंगाळतं. स्नायू सैल करण्याचा गुण चांगला. तरुण माणसाला थोड्या दिवसांसाठी ठीक, सत्तरीच्या माणसासाठी अगदी चुकीची निवड.

माझं मत स्पष्ट सांगतो : चिंतेसाठी यातली कुठलीही गोळी हा मूळ उपचार नाही. मूळ उपचार एस्सिटालोप्राम, सेरट्रालिन या वर्गातली औषधं आणि समुपदेशन. ती औषधं लागू पडायला २ ते ६ आठवडे घेतात आणि पहिल्या आठवड्यात उलट अस्वस्थता वाढवू शकतात. तेवढ्या काळासाठी बेंझो. म्हणजे २ ते ४ आठवडे, आणि संपवायची तारीख पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहिलेली.

द्राक्षबाग_तासगाव :

मग ४ आठवड्यांची गोळी लोक चार-चार वर्षं कशी घेतात?

कृष्णाकाठ :

एक मोठं कारण म्हणजे गोळी बेंझो आहे हेच माहीत नसतं. पाकीट उलटं करा आणि ब्रँडच्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा.

पोटाच्या गोळीत क्लोरडायझेपॉक्साइड ५ मिग्रॅ आणि क्लिडिनियम २.५ मिग्रॅ. लोक हिला "गॅसची गोळी" म्हणतात आणि जेवणाआधी तीनदा घेतात, म्हणजे रोज १५ मिग्रॅ. डोकेदुखी किंवा झोपेसाठी लिहिलेल्या गोळीत अमिट्रिप्टिलीन १२.५ आणि क्लोरडायझेपॉक्साइड ५. "डिप्रेशनच्या" गोळीत एस्सिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५. धडधडीच्या गोळीत प्रोप्रॅनोलॉल २० आणि अल्प्राझोलाम ०.२५. ब्रँडच्या नावामागे 'प्लस' किंवा दोन इंग्रजी अक्षरं दिसली की आत दुसरं औषध आहे असं समजा.

ही शेवटची दम्याच्या माणसाला देऊच नये, कारण प्रोप्रॅनोलॉल श्वासनलिका आवळतं. दमा असेल तर काउंटरवर आपणहून सांगा.

याच पद्धतीची एटिझोलाम आपल्याकडे बरीच चालते. रासायनिक घडण थोडी वेगळी, पण काम, सवय आणि सोडतानाचा त्रास बेंझोसारखाच. "ही बेंझो नाही" म्हणून ती सुरक्षित ठरत नाही.

दुसरं कारण म्हणजे जुनी चिठ्ठी. डॉक्टरांनी पुन्हा देण्याबद्दल काही लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं असतं आणि दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख टाकायची असते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम ही शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नोंदी ठेवून विकायच्या औषधांच्या यादीत आहेत. २०१३ ची अधिसूचना, मार्च २०१४ पासून लागू. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरला चढवून ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याच्या मनोव्यापारी औषधांच्या यादीत आहेत. तेव्हा मेडिकलवाला मोबाइलमधल्या फोटोवर गोळी देत नसेल तर तो अडवणूक करत नाही, नियम पाळतोय.

सतार_मिरज (चिकित्सा मानसशास्त्र) :

पॅनिकच्या संदर्भात घड्याळाचा एक मुद्दा. पॅनिकचा झटका साधारण १० मिनिटांत शिगेला जातो आणि मग आपोआप उतरायला लागतो. अल्प्राझोलाम लागू पडायला अर्धा तास. म्हणजे झटका आला, गोळी घेतली, अर्ध्या तासात बरं वाटलं, तर श्रेय गोळीला जातं आणि झटका स्वतःच उतरला हे मनात नोंदवलंच जात नाही. पुढच्या वेळी गोळी खिशात नसेल तर एसटीत बसायची भीती.

वर्तनोपचारात माणसाला टाळलेल्या जागी हळूहळू नेतात. आधी स्टँडवर दहा मिनिटं उभं राहायचं, मग मिरज-सांगली सिटी बस, मग इस्लामपूरपर्यंत. भीती चढते आणि न पळता तिथेच थांबलं की उतरते, हे शरीरानं शिकायचं असतं. त्याआधी बेंझो घेतलेली असेल तर भीती चढतच नाही, मग शिकणार काय? शिवाय नवीन गोष्ट लक्षात ठेवण्यावरही या गोळ्या परिणाम करतात. सत्राच्या दिवशी "त्रास होऊ नये म्हणून" घेतलेली गोळी सत्र वाया घालवते. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, पण कधी घेतली हे समुपदेशकाला सांगायचं.

डॉ_कोरेगाव (जनरल प्रॅक्टिस) :

ताई, तत्त्वतः मान्य. पण आमच्या दवाखान्यात माणूस येतो तो कारखान्याचा हंगाम, कर्ज आणि तीन रात्रींचं जागरण घेऊन. मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर साताऱ्याला किंवा कराडला जायचं. त्याला दहा दिवस क्लोनाझेपाम ०.२५ रात्री दिली तर त्यात गैर नाही. गैर आहे ती अकरावी रात्र, जिच्याबद्दल कुणी काही ठरवलेलं नसतं. मी म्हणेन दहाच गोळ्या लिहा, अक्षरी लिहा, आणि पुढची भेट नवव्या दिवशी ठेवा.

गोळी लिहिण्याआधी बघायच्या गोष्टी : टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, साखर, आणि ईसीजी पन्नाशीच्या पुढे किंवा छातीत दुखत असेल तर. थायरॉइड वाढलेलं असताना धडधड, घाम, हात थरथरणं अगदी चिंतेसारखं दिसतं. दिवसाला सात-आठ कप चहा चालू असेल तर तो आधी दोनवर आणायचा. दारूची चौकशी घरच्यांसमोर नको, एकट्याला विचारायचं. सकाळचं थरथरणं हे दारू उतरल्याचं असेल तर सगळा हिशेबच बदलतो.

डॉ_पोवईनाका :

अगदी सहमत. आणि दहा दिवसांत उतरलं नाही तर अकराव्या दिवशी डोस वाढवण्याऐवजी एस्सिटालोप्राम ५ मिग्रॅ सुरू करावं, आठवड्यानं १०. हे जनरल प्रॅक्टिसमध्येही सहज जमतं. विशीच्या आतबाहेरच्या मुलांत पहिले काही आठवडे आत्महत्येच्या विचारांबद्दल घरच्यांना सावध करून ठेवावं.

वाईकर_ताई :

घरात ज्येष्ठ माणूस असेल आणि झोपेसाठी यातली गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर काय काय बघावं?

डॉ_कोरेगाव :

ताई, पहिलं म्हणजे रात्रीचं बाथरूम. गोळीमुळे तोल जातो, अंधारात उंबरा लागतो आणि खुब्याचं हाड मोडतं. पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा रात्रभर हवा, पायपुसणं घसरणारं नको, आणि आधाराला दांडी हवी. बीपीची किंवा प्रोस्टेटची गोळीही रात्री असेल तर उठल्याबरोबर बीपी पडतं, मग दुहेरी धोका. उठताना दोन मिनिटं कडेला बसूनच उभं राहायचं.

दुसरं, विसरणं. तीच गोष्ट पुन्हा विचारणं, दिवसा डुलक्या, बोलणं जड येणं, हे सगळं वय झालं म्हणून सोडून देऊ नका. अगोदर गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. अमेरिकेतल्या वृद्धचिकित्सकांच्या बीअर्स निकषांत ६५ च्या पुढे हा गट टाळावा असंच म्हटलंय. द्यावीच लागली तर लोराझेपाम ०.५ किंवा त्याची निम्मी, डायझेपाम नको. पण आजवर चालू असलेली गोळी उद्यापासून बंद, असंही करू नका.

तिसरं, घोरणं. झोपेत श्वास थांबत असेल, किंवा चुलीच्या धुरानं, विडीनं फुप्फुसं खराब झालेली असतील, तर या गोळीनं श्वास आणखी मंदावतो.

कराडकर :

कुठल्या औषधांसोबत घ्यायची नाही, हे कुणीतरी एकदा नीट लिहा.

कृष्णाकाठ :

सगळ्यात आधी दारू. दोन्ही एकाच रिसेप्टरवर काम करतात, त्यामुळे एक क्वार्टर आणि एक गोळी मिळून श्वास थांबू शकतो. मग अफूवर्गीय औषधं. पाठ-कंबरदुखीला ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी सर्रास लिहिली जाते. ऊसतोड, बांधकाम, हमाली करणाऱ्यांच्या चिठ्ठ्यांत ती हमखास. खोकल्याच्या कोडीनवाल्या सिरपचंही तेच. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१६ मध्ये बेंझो आणि अफूवर्गीय औषधं या जोडीबद्दल सगळ्यात कडक इशारा छापायला लावला.

आता कुणाच्या ध्यानात न येणारी जोडी. पावसाळ्यात नायटा-गजकर्ण पसरलं की महिनाभर इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल चालू होतात. अल्प्राझोलाम शरीरात मोडणारं एन्झाइम हे औषध अडवतं, त्यामुळे रोजचाच डोस जास्तीचा होऊन बसतो. ही जोडी निषिद्धच आहे. केटोकोनाझोलच्या गोळीचंही तसंच. क्लॅरिथ्रोमायसिन त्याच वाटेनं जातं, आणि पोटातल्या जंतूंसाठी देतात त्या किटमध्ये ते असतं. त्वचेच्या डॉक्टरांना मनाची गोळी सांगायला लोक लाजतात, आणि तिथेच घोळ होतो. डायझेपामच्या बाबतीत ओमेप्राझोल आणि फ्लुओक्सेटीन पातळी वाढवतात.

उलट बाजूनं टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटचं कार्बामाझेपिन यांमुळे अल्प्राझोलाम, डायझेपाम लवकर संपतात. टीबीचा कोर्स सुरू झाला आणि आठवड्या-दोन आठवड्यांत जुनी चिंता उसळली, तर हे कारण तपासावं. कोर्स संपल्यावर पातळी पुन्हा वाढणार, तेही डोक्यात ठेवायचं.

सेट्रिझिनपेक्षा क्लोरफेनिरामिनवाली सर्दीची गोळी जास्त गुंगी आणते. ती आणि बेंझो घेऊन खंबाटकी किंवा पसरणी घाटात गाडी चालवू नका. क्लोनाझेपाम रात्री घेतली तरी सकाळी शरीरात निम्म्याहून जास्त शिल्लक असते. डोस नवा असताना किंवा बदलल्यावर किमान आठवडाभर स्टिअरिंग, ट्रॅक्टरचा पीटीओ, कडबाकुट्टी, उसाचा चरक यांपासून लांब.

द्राक्षबाग_तासगाव :

आणि सोडवायची कशी? गावात दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो मन घट्ट करून एकदम बंद कर. दुसरा म्हणतो एक दिवसाआड घे.

डॉ_पोवईनाका :

दोन्ही चुकीचे, आणि पहिला जिवावर बेतणारा. काही आठवडे रोज घेतलेली बेंझो एकदम तोडली की फिट येऊ शकते. अल्प्राझोलामचा त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो. क्लोनाझेपाम-डायझेपामचा तिसऱ्या ते सातव्या दिवशी, कधी त्याहून उशिरा, आणि तोवर माणूस "मला काही झालं नाही" म्हणून निर्धास्त झालेला असतो. झोप उडते, घाम, हाताला कंप, प्रकाश आणि आवाज सहन न होणं, कानात शिट्टी, स्नायू फडफडणं. भ्रम झाला, नसलेलं दिसायला लागलं किंवा फिट आली, तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचं.

दिवसाआडही नको. अल्प्राझोलाम दिवसाआड घेणं म्हणजे दर दुसऱ्या दिवशी तो त्रास नव्यानं सुरू करणं. डोस रोज, त्याच वेळी, फक्त कमी कमी.

किती कमी? दर २ ते ४ आठवड्यांनी चालू डोसाच्या ५ ते १० टक्के, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त कधीच नाही. इथे एक हिशेब चुकतो, तो समजून घ्या. क्लोनाझेपाम ०.५ वरून ०.३७५, मग ०.२५, मग ०.१२५, मग बंद. कागदावर सगळ्या पायऱ्या सारख्या, प्रत्येक वेळी ०.१२५ कमी. पण पहिली पायरी चालू डोसाच्या २५ टक्के, दुसरी ३३, तिसरी ५०, आणि चौथी सगळाच्या सगळा डोस. म्हणून सुरुवातीला सहज उतरलेला माणूस शेवटी आपटतो आणि "माझ्या नशिबी गोळी आहेच" असं म्हणतो. शेवटच्या पायऱ्या लहान करायच्या आणि लांबवायच्या.

कृष्णाकाठ :

लहान पायरी हातात कशी येते, ते मी सांगतो. जिभेवर विरघळणारी गोळी घेऊ नका. ती निम्मी करताना भुगा होतो आणि उघडी राहिली तर दमट हवेत, पाटण-महाबळेश्वरच्या पावसात तर तासाभरातच, मऊ पडते. साधी, मधोमध रेघ असलेली ०.२५ ची गोळी मागा. गोळी कापायचं प्लास्टिकचं कटर मेडिकलमध्ये मिळतं, ब्लेडनं कापली तर दोन तुकडे सारखे होत नाहीत. ०.३७५ म्हणजे एक अख्खी आणि एक निम्मी. ०.१२५ म्हणजे निम्मी. चतकोर म्हणजे ०.०६२५. चतकोर थोडी कमी-जास्त होणार, पण त्याच गोळीचे चार तुकडे ओळीनं चार दिवसांत वापरले की सरासरी जुळते. एका वेळी एकच गोळी कापा, तुकडे कोरड्या डबीत, आणि डबीवर नाव. जोडगोळी असेल तर आधी दोन्ही औषधं वेगळी करून घ्यायची. एस्सिटालोप्राम-क्लोनाझेपामची गोळी निम्मी केली तर चिंतेवरचं मूळ औषधही निम्मं होतं, आणि मग त्रास कशामुळे झाला तेच कळत नाही. डॉक्टरांकडून एस्सिटालोप्राम १० वेगळी, क्लोनाझेपाम वेगळी लिहून घ्या. पहिली तशीच ठेवून दुसरी उतरवायची.

सतार_मिरज :

अल्प्राझोलामवरून डायझेपामवर नेऊन मग उतरवतात, त्याबद्दल डॉक्टरांनी लिहावं.

डॉ_पोवईनाका :

कल्पना अशी की डायझेपाम हळू उतरते आणि तिची २ मिग्रॅची गोळी मिळते. तिची निम्मी म्हणजे १ मिग्रॅ, अल्प्राझोलामच्या ०.०५ इतकी. एवढी बारीक पायरी दुसऱ्या कुठल्याच गोळीत सहज मिळत नाही. एका वेळी एकच डोस बदलायचा, आधी रात्रीचा, आठवड्यानं दुपारचा, मग सकाळचा.

पण हे घरी बसून तक्ता बघून करायचं काम नाही. सममूल्याचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. क्लोनाझेपाम ०.५ ला कुणी डायझेपाम १० धरतं, कुणी ५. दुप्पट डोस गेला तर माणूस गुंगीत पडणार, निम्मा गेला तर फिटचा धोका. वय साठीच्या पुढे किंवा यकृत खराब असेल तर मी डायझेपामवर नेतच नाही, आहे तीच गोळी हळू उतरवतो. तीन-चार गोळ्या एकदम चालू असतील, दारू सोबत असेल, आधी फिट येऊन गेली असेल, तर भरती करूनच. आणि मध्ये त्रास वाढला तर मागच्या पायरीवर उडी मारू नका, आहे त्या पायरीवर आणखी दोन आठवडे थांबा. सहा महिने लागले तरी चालतील.

वाईकर_ताई :

गरोदरपणात?

डॉ_पोवईनाका :

गोळी चालू असताना दिवस राहिले तर घाबरून त्याच दिवशी बंद करू नका, आईला फिट येणं बाळालाही घातक. मानसोपचार आणि स्त्रीरोग दोन्ही डॉक्टरांना त्याच आठवड्यात भेटून उतरवण्याचं ठरवायचं. शेवटच्या महिन्यांत घेतली तर बाळ जन्मतः ढिलं पडलेलं, दूध न ओढणारं असू शकतं, किंवा नंतर किरकिरं आणि थरथरणारं. म्हणून बाळंतपणाच्या खोलीत बालरोगतज्ज्ञांना आधीच कल्पना हवी. अंगावर पाजताना डायझेपाम टाळतात, कारण ती बाळाच्या अंगात साठते. लागलीच तर कमीत कमी लोराझेपाम, आणि बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपतंय का, यावर लक्ष.

डॉ_कोरेगाव :

एक विनंती सगळ्या घरांना. या गोळ्यांचा साठा घरात उघड्यावर नको. घरात कुणी निराश असेल, दारू पिणारं असेल किंवा लहान मूल असेल तर आठवड्याभराच्याच गोळ्या बाहेर आणि बाकीच्या कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. उरलेल्या गोळ्या शेजारच्या वहिनींना "तुम्हालाही झोप येत नाही ना" म्हणून द्यायच्या नाहीत.

कुणी जास्त गोळ्या घेतल्या तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. गुंगीत ते फुप्फुसात जातं. कुशीवर झोपवा, श्वास बघत राहा, १०८ ला फोन करा आणि रिकामी पाकिटं सोबत न्या. फ्लुमाझेनिल नावाचा उतारा आहे, पण रोज घेणाऱ्याला तो दिला तर फिट येऊ शकते. त्यामुळे "किती दिवसांपासून घेतात" हे डॉक्टरांना खरं सांगणं फार गरजेचं. मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

कराडकर :

सरकारी दवाखान्यात यासाठी जायचं तर कुठं? आणि जाताना काय न्यायचं?

सतार_मिरज :

सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही दोन्ही जिल्ह्यांत आहे, तालुक्याला शिबिर कधी असतं ते ग्रामीण रुग्णालयात विचारा. सकाळी लवकर केसपेपर काढा.

सोबत सगळी पाकिटं न्या, रिकामीसुद्धा, "गॅसची" आणि सर्दीचीही. एका कागदावर प्रत्येक गोळीपुढे कधीपासून चालू आहे, रोज किती, कुठल्या वेळेला, आणि शेवटची कधी घेतली ते लिहा. आठवडाभर आधीपासून त्रास किती वाजता होतो त्याची नोंद ठेवा. पहाटे चारला धडधड, गोळी रात्री दहाला, एवढ्या दोन वेळा शेजारी लिहिलेल्या असल्या तरी डॉक्टरांचा निम्मा तपास तिथेच होतो. आणि त्या सकाळची गोळी चुकवून जाऊ नका. रांगेत दोन-तीन तास सहज जातात.